शनिवारी घाणी बंद ठेवणाऱ्यांच्या गावाला

मोरेश्वर, म्हणजे आमचे हे, मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांना ज्या जागी निजवलं होतं तिथं दिवा लावला. आमच्याकडे तेरवीपर्यंत ठेवतात, मग शांत करतात. मी केला नाही. दिवसातून दोनदा तेल घालायचं, वात सारायची, असं आठ महिने चाललं होतं. मुलगा नागपूरहून फोनवर म्हणायचा, "आई, आता दिवा शांत कर अन् इकडं ये." शेजारी राहणारी जाऊ कौशल्या तर तोंडावरच म्हणायची, "तू त्याहीले जाऊच नाही देऊन राहिली." मला पटायचं. पण फुंकर घालायला वाकलं की ओठ उघडत नव्हते. घरात बसवतही नव्हतं. अर्ध्या तासानं उठायचं, दिवा पाहायचा, अंगण झाडायचं, परत दिवा पाहायचा.

आता प्रवासाचं कारण. आम्ही तेली. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ आमचं गाव, तिथं सासऱ्यांची बैलाची घाणी होती, ह्यांनी पुढं मोटरची केली. मी सातवीपर्यंत शिकले, बाकीचं गोरेगावच्या वाचनालयातून मिळेल ते वाचत आले. एकदा एका जाड पुस्तकात दोन ओळी सापडल्या. कोकणात ज्यू लोक शेकडो वर्षांपासून राहतात, धंदा तेल गाळायचा, आणि शनिवारी घाणी बंद, म्हणून गाववाले त्यांना शनिवार तेली म्हणत. ह्यांना वाचून दाखवलं तर हसायला लागले. आमच्या गावचा बाजार शनिवारचाच. "शनिवारी घाणी बंद ठेवते तो तेली कायचा? अन् बैल काय करे त्या दिवशी? उभ्या बैलाले कोन पोसते?" वर्षभर हा वाद पुरला. शेवटी म्हणाले, पाहूनच येऊ एकदा. ते राहिलं.

जानेवारीत मीच तिकीट काढलं. कौशल्या दिव्याकडे पाहायला कशीबशी तयार झाली. "एक हप्ता. मंग मी नाही पाहात, सांगून ठेवतो." ह्यांनी शेवटी गाळलेल्या जवसाच्या तेलाचा डबा अर्धा उरला होता, त्यातली एक बाटली पिशवीत घेतली. रिकाम्या हातानं कोणाकडे जाऊ नये, म्हणून.

मंगळवारी सकाळी गावातून एसटीनं गोंदियाला. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं प्रवास स्वस्तात होतो. धान कापलेल्या बांध्यांमध्ये जवस निळा फुलला होता. दुपारची मुंबईची गाडी, स्लीपर, पाचशेच्या आसपास. समोरच्या बर्थवरच्या बाई गोंदियातल्याच, हिंदी बोलणाऱ्या. "अकेली जा रही हो? किसके यहाँ?"

"किसके यहाँ नहीं. घूमने."

बाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. तुमसर रोड यायच्या आत मी कौशल्याला फोन लावला. "तेल टाकली काय व?"

"आत्ता तर गेली तू! डब्यात बसून हेच करून राहणार काय?"

बुधवारी सकाळी मुंबई. फोर्टातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बाहेरून निळं, लग्नाच्या मांडवासारखं सजलेलं, आत रंगीत काचांचा उजेड जमिनीवर सांडलेला. जाणार असाल तर आधार कार्ड जवळ ठेवा. दारावर पोलीस असतो, नाव लिहून घेतात, पिशवी तपासतात. माझी बाटली त्याच्या हाती लागली.

"हे काय?"

"जवसाचं तेल."

त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि एकदम गावचा झाला. "बाप्पा! कोणतं गाव जी तुमचं?" स्वारी भंडाऱ्याकडची निघाली. "इथं कायले आल्या? सिद्धिविनायकाले जा नं, लोक तिथं जातात." मी त्याला शनिवार तेल्यांचं सांगितलं. तो दोन वर्षांपासून त्या दारात उभा होता, म्हणे कोणी सांगितलंच नाही.

पण तिथं माझं काम झालं नाही. ते बगदादहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं, माझे तेली वेगळे. मशीद बंदरच्या गल्लीत त्यांचं जुनं सिनेगॉग आहे, तिथल्या राखणदारानं सांगितलं की जुनी माणसं सिनेगॉगलाही मशीदच म्हणायची. माझगावात ज्यूंनी काढलेली शाळा बाहेरून पाहिली. सुट्टी झाली होती, डोक्याला रुमाल बांधलेल्या मुसलमान मुली हसत बाहेर पडत होत्या. फाटकावरचा माणूस म्हणाला, "ज्यू पोरं आता कुठं राहिली? इस्रायलला गेली. शाळा ज्यांच्या दारात आहे त्यांची पोरं शिकतात, बरंच आहे की." मला ते आवडलं, पण पाय तिथं थांबले नाहीत. एका दिवसात तीन जागा केल्या आणि एकाही ठिकाणी धड बसले नाही.

रात्रीला ठाण्यात मामेबहिणीकडे गेले. गुरुवारी तिथलं सिनेगॉग. मोठं, राबतं, चपला बाहेर काढायची अट नाही, डोकं झाकलेलं हवं. पदर घेतला की झालं. बायकांची बसायची जागा वर माडीवर. संध्याकाळी बाजूच्या खोलीत मुलांचा हिब्रूचा वर्ग होता. सात-आठ मुलं, उजवीकडून डावीकडे वाचत होती, आणि मधूनच एकमेकांना मराठीत "ए, सरक ना" म्हणत होती. शिकवणाऱ्या बाईंचं नाव डायना. वर्ग सुटल्यावर मी त्यांना आमचा घाणीचा वाद सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"बैलाचं मला माहीत नाही हो. आमच्या घरातली घाणी पणजोबांबरोबर गेली. रेवदंड्याला माझी आत्या आहे, रिबका. एकटी राहते. तिला विचारा. पण उद्या शुक्रवार. संध्याकाळच्या आत पोचा आणि शनिवारी रात्रीपर्यंत निघायचं नाही, चालेल?"

"इतका वेळ मी एका जागी बसत नाही," मी म्हटलं.

"मग आत्या बसवेल."

शुक्रवारी ठाण्याहून अलिबागची एसटी. पनवेल, पेण, वडखळ करत चार तास धरा. पेणच्या डेपोत वडापाव चांगला मिळतो. अलिबागहून रेवदंड्याला दुसरी गाडी, नारळी-पोफळीच्या मधून. या वाटेवर नाही, पण अलिबागच्या उत्तरेला नवगावात त्यांचं आद्य स्मारक आहे. जहाज फुटलं, सात बाया न् सात पुरुष वाचून किनाऱ्याला लागले, त्यांचा हा सगळा विस्तार, अशी त्यांची गोष्ट. सात जोडपी! म्हणजे एकही बाई एकटी राहिली नव्हती, असं माझ्या मनात आलं.

रिबकामावशी सत्तरीच्या पुढची, काटक, नऊवारीवर स्वेटर. दाराच्या चौकटीला तिरकी बसवलेली एक लहानशी डबी होती, आत त्यांच्या शास्त्रातल्या ओळी. येताजाता ती तिला बोटं लावून ओठांना लावायची. मला पाहताच म्हणाली, "ये गो बाय. ऊन उतरायच्या आत आंघोळ कर. मग चूल बंद."

मी बाटली दिली. तिनं वास घेतला. "आम्ही खोबरेल घालतो. पण तेल्याघरचं तेल परत कसं करू?"

छताला साखळीनं टांगलेला काचेचा दिवा होता. तिनं त्यात आधी पाणी ओतलं, वर चार-पाच चमचे आमचं तेल. तेल पाण्यावर पिवळं तरंगलं. सूर्य बुडायच्या आधी वात पेटवली, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि पुटपुटली. मग आम्ही जवळच्या सिनेगॉगात जाऊन आलो. लहानसं, कौलारू, सात म्हातारे पुरुष आणि आम्ही दोघी. दहा पुरुष भरले तरच पुरी प्रार्थना होते, म्हणून त्यांनी जमेल तेवढी केली. त्यातले एक काका बाहेर पडताना म्हणाले, "रिबका, पाहुणी आणलीस, पाहुणे आणले असतेस तर तीनच कमी होते!" मावशी म्हणाली, "तुमच्या घरात तीन जावई आहेत, त्यांना टीव्हीसमोरून उठवा आधी."

घरी आल्यावर तिनं भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, एक घोट मला दिला, आणि दुपारीच करून ठेवलेलं माशाचं कालवण वाढलं, नारळाच्या दुधातलं. तळ्यातले मासे खाणारी मी, दोनदा घेतलं. जेवताना नजर सारखी वर. तेल पातळ होत चाललं होतं. वात तडतडली तशी मी उठले आणि बाटली घेतली.

"कुठं गो?"

"तेल टाकते."

"बस. हात नको लावू."

"अवो, विझून राहिला नं!"

"मग विझू दे. सूर्य बुडाला, आमचा शनिवार लागला. आता तेल घालायचं नाही आणि फुंकायचंपण नाही. उजेडी जेवढं घातलं तेवढंच त्याचं. पुढचं आपल्याकडे नाही."

मी बाटली धरून उभी राहिले. मग तिला सांगितलं. आठ महिने, दिवा, कौशल्या, फुंकर. मावशीनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "माझा नवरा गेला तेव्हा आम्हीपण लावलेला. सात दिवसांचा. मी काही विझवला नाही हो. तोच विझला." मग म्हणाली, "पोरं बोलावतात, इस्रायलात अश्दोदला दोघं आहेत. नाही गेले. हा दिवा दर शुक्रवारी कोण लावणार इथं?"

वात पाण्याला टेकली. चर्र असा बारीक आवाज झाला आणि दिवा गेला. मी कशाची वाट पाहत होते कोण जाणे. पलीकडच्या खोलीतली ट्यूबलाइट संध्याकाळपासून लावूनच ठेवलेली होती, सगळं दिसत होतं. माझ्या हातातली बाटली, मावशीचं ताट, भिंतीवरचं कॅलेंडर. मावशी म्हणाली, "भात घे."

शनिवार हा या प्रवासातला सगळ्यात अवघड दिवस. चूल नाही, झाडू नाही. चहा आदल्या दिवशी थर्मासमध्ये भरलेला, तो दुपारपर्यंत कोमट. मी दोनदा फोन हातात घेतला, मावशी शेजारी बसलेली म्हणून लाजून ठेवला. अंगणात गेले, आत आले, परत गेले. मावशी ओटीवर बसून बघत होती.

"बाय, घाणीच्या बैलासारखी फिरतेस किती?"

तेव्हा मला आठवलं, मी आले कशासाठी. "मावशी, घाणी बंद असायची तेव्हा बैल काय करायचा?"

तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "काय करणार? त्यालापण सुट्टी. शास्त्रातच आहे तसं. तू बसायचं, तुझा गडी बसायचा, तुझा बैल बसायचा. माझा आजा शुक्रवारीच दुप्पट वैरण घालून ठेवायचा." तिनं परसात बोट दाखवलं. तिथं दगडी घाणी पडलेली होती, तिच्यात माती भरून अबोली लावलेली.

मी घाणीपाशी जाऊन बसले. दगडाला हात लावला, आतून तेलानं गुळगुळीत झालेला, आमच्या सासऱ्यांच्या घाणीसारखाच. उत्तर मिळालं होतं आणि ज्यांना द्यायचं ते नव्हते. तिथं पुष्कळ वेळ रडले. मावशी उठून आली नाही, हाकही मारली नाही. संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, म्हणजे त्यांचा शनिवार सरला, तेव्हाच तिनं गॅस पेटवला आणि कडक चहा केला.

जाणाऱ्यांसाठी: या गावांत एखाददुसरंच घर उरलंय, ओळखीशिवाय दार ठोठावू नका. शुक्रवार-शनिवार गेलात तर फोटो काढू नका आणि पैशांची भाषा करू नका. आणि बसायची तयारी ठेवा.

सोमवारी सकाळी गोंदियाला उतरले, दुपारी घरी. दिवा जळत होता. कौशल्यानं वात इतकी मोठी ठेवलेली की भिंत काळी झाली होती. "घे, तुझा तुले," म्हणाली आणि गेली.

दोन दिवस मी पूर्वीसारखंच तेल घातलं. बुधवारी सकाळी घातलं आणि घरातली तेलाची बाटली आतल्या फडताळात नेऊन ठेवली. दुपारी दिव्यासमोर बसले. ज्योत खाली गेली तेव्हा कौशल्या चहा घेऊन आली होती. दारातूनच ओरडली, "तेल टाक नं व! दिसत नाही काय?"

"दिसते. बस."

"अवो, पण..."

"बस म्हणतो नं. चाय पी."

ती बसली, पण पदराशी चाळा करत. मी दिव्याकडे पाहून म्हटलं, "बैलालेबी सुट्टी होती. आदल्या दिवशीच दुप्पट वैरण टाकत."

"कोनासंग बोलून राहिली व?"

"ह्यायच्यासंग. एक गोष्ट सांगायची राहिली होती."

आम्ही चहा प्यालो. पेला खाली ठेवला तेव्हा ज्योत नव्हती, वातीचं टोक तेवढं लाल होतं, मग तेही नव्हतं. बाहेर ऊन होतं.

मुलाला अजून नागपूरचं काही कळवलेलं नाही. घाणी बंदच आहे, पण परवा तिच्यावरची जळमटं झाडली. दिवेलागणीला हात अजून फडताळाकडे जातो. उघडते, बाटली पाहते, लावून घेते आणि ओट्यावर येऊन बसते. जास्त वेळ नाही जमत अजून. पण बसते.