काचेपुढची झोप

रंगखान्याच्या बॉयलरमध्ये पाणी किती उरले, हे एका उभ्या काचेच्या नळीत दिसते. त्या नळीवर नजर ठेवणे, हे हाशमचे काम. पाणी खुणेखाली जाऊन तसेच घटत राहिले, तर तापलेले लोखंड फुटू शकते. आणि भिंतीपलीकडे टॉवेलच्या सुताला रंग देणाऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ अतीक होता.

त्या पहाटे पाणी खुणेखाली गेले, तेव्हा हाशम काचेकडेच पाहत होता. निदान त्याला तसे वाटत होते.

"हाशमभाई! पंप लावा की!" भट्टीत लाकडे सारणाऱ्या सिद्धप्पाने त्याचा खांदा गदागदा हलवला. पाणी काचेत अजून दिसत होते, एवढेच नशीब. पंपाने बॉयलरमध्ये पाणी चढू लागले तसा सिद्धप्पा हसला. "उघड्या डोळ्यांनी झोपणारा माणूस पयल्यांदाच बघतोय. तुमच्या बायकोला कसं कळतं वो, जागं हाय का न्हाय ते?"

हाशमही हसला. पण पाळी संपेपर्यंत तो पुन्हा खाली बसला नाही.

पाळी आठवड्याला बदले. एका पाळीची झोप अंगवळणी पडते न पडते, तोच दुसरी येई. आता त्यात ही धास्ती. मालकाला सांगावे तर काम जाईल. अतीकला सांगावे तर तो भिंतीकडे पाठ करून उभा राहू शकणार नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या एका खोलीत हाशम डोळे मिटी आणि पापण्यांआड तीच काच उभी राही. पाणी उतरत असे.

दिवसा झोपणारा माणूस आपल्याकडे आळशी तरी ठरतो, नाहीतर आजारी. तो रात्री इतरांसाठी जागला होता, हे उजेडात कुणाला आठवत नाही. पेठेत भरदिवसा दार लावणे अशुभ, म्हणून दार सताड उघडे. कमावत्या माणसाने उपाशी झोपू नये, ही अम्मीची शिस्त. म्हणून डोळा लागतो न लागतो तोच, दुपारी, गरम जेवणासाठी हाक. यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. त्या घरातली माया रोज हाशमच्या झोपेचे तुकडे करत होती, आणि म्हणूनच त्याला तक्रार करता येत नव्हती.

एका दुपारी अम्मीने नेहमीसारखा हात लावला. "उठ रे, दो निवाले खाले."

हाशमने तिचे मनगट करकचून धरले. "पंप! पंप लाव!" तो ओरडला. ताट पालथे झाले. त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. अम्मी थिजून गेली. बायको रुक्साना धावत आली आणि तिने त्याची बोटे एकेक करून सोडवली.

मग त्याने सगळे सांगितले. अम्मी मनगट चोळत ऐकत राहिली. शेवटी तिने एकच विचारले, "अतीक भी वहींच रहता ना?"

"दीवार के पीछे, अम्मी."

दुसऱ्या सकाळी तो कामावरून येताच तिने त्याला आधी जेवू घातले. रुक्सानाने खिडकीला जाड सोलापुरी चादर बांधली. मग अम्मीने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतले आणि बाहेर पायरीवर बसली. दार लावताना तिचे ओठ पुटपुटत होते.

थोड्याच वेळात शेजारच्या सोजरबाईंचा घाबरा आवाज आला. "काय झालं वो भाभी? दार का लावलंय? कोण गेलं का काय?"

"धीरे बोलो, बाई. कुणी गेलं नाही. जाने नक्को, इस वास्ते लगाया."

अंधारात हाशमने ते ऐकले. एका मुलाची झोप राखून ती दुसऱ्याच्या जिवाची राखण करत बसली होती. काच पुन्हा समोर आली, पाणी उतरू लागले. ते खुणेपर्यंत पोचण्याआधीच त्याला झोप लागली.

त्या रात्री कामाला लागताना तो सिद्धप्पाला म्हणाला, "माझा डोळा लागला, तर हसू नकोस. मार."

सिद्धप्पा या वेळी हसला नाही. त्याने लाकूड खाली ठेवले आणि स्वतःही एकदा काचेकडे पाहिले.