‘मामा’ नावाचा फोल्डर
तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सोमवारी, चामोर्शीच्या आमच्या कार्यालयातील सामायिक फाइलींमधून ‘मामा’ हा फोल्डर नाहीसा झाला. त्यात माजी मालगुजारी तलावांचे, म्हणजे आमच्याकडच्या मामा तलावांचे, नकाशे होते. दुपारच्या मंजुरीच्या बैठकीत नकाशा दाखवला नसता, तर मासेमारांच्या तलावातला गाळ त्या वर्षीही निघाला नसता. त्यांच्या संस्थेचे म्हातारे अध्यक्ष खर्ऱ्याची पुडी मुठीत धरून माझ्या शेजारी बसले होते. पुण्याहून नव्याने आलेली सहकारी म्हणाली, “कुणाच्या तरी मामांचे फोटो असतील म्हणून मी तो ‘खासगी’त टाकला.” अध्यक्ष हसले. “मॅडम, मामा तं गावाचा हाये. त्याले खासगी काऊन केलं?” तिने फोल्डर परत आणला. नकाशा उघडल्यावर अध्यक्षांनी पुडी सोडून खर्रा तोंडात टाकला. खोलीभर सुपारी-तंबाखूचा वास पसरला. पावसाआधी गाळ निघाला. फोल्डरचे नाव आता ‘मामा तलाव’ आहे.