तात्याच्या दारातला चर

आमच्या आळीत कुनाला काय झालंय ते डॉक्टरच्या आधी मला कळतं. तात्याला मलेरिया झालाय हे मात्र तात्या गेल्यावर, इस्लामपूरच्या दवाखान्यातनं फोन आला तवा कळलं. आदल्याच आठवड्यात तो गोधडीत कुडकुडत व्हता आनि मी, तिसरी नापास वैद्य, त्याला सांगत व्हतो, "उन्हातनं हिंडलास गड्या, कांदा फोडून खा." कांदाबी शेवटी मीच खाल्ला. त्याला कुठं तोंडाला चव व्हती...

तात्या माझा लंगोटीयार. आमच्या कुंडल गावात त्याच्या दारात ठेकेदारानं पाइपलाइनीसाठी चर खणला आनि पाईप न टाकताच त्यो पसार झाला. वरच्या उसाचं पाणी पाझरून चर भरला. तात्या पंचायतीत जाऊन भांडला, तर म्हणले, "ठेकेदार येईल की!" पाणी कसं नितळ, तळ दिसायचा, वर अळ्या वळवळायच्या. आरोग्य खात्यातली बाई म्हणाली, "मलेरियाचा डास असल्याच पाण्यात वाढतो." मी तिलाच शिकवलं, "आवं बाई, डास गटारात असतो. ह्ये तर पिण्यासारखं हाय." बाईनं वहीत कायतरी लिवलं आनि ती पुढच्या घरी गेली.

सावडायला बिरू धनगर आला. त्याची मेंढरं तात्याच्या रानात खताला बसली व्हती. बिरू ढसाढसा रडत म्हणला, "मला थंडी भरली तवा तात्यानं आरोग्याच्या बाईनं त्याला दिलेल्यातल्या उरल्याल्या गोळ्या मला दिल्या. म्हणला, माझा ताप गेला, आता तू घे. एका भाकरीतलं खातो, मग गोळ्यांचं काय?" आमच्याकडं असंच. ताप उतरला की गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या आनि वर पुण्य लागलं म्हनायचं. अर्ध्या गोळ्यांनी ताप दबला, रोग अंगातच बसून ऱ्हायला. बिरूला आमी लगेच दवाखान्यात नेला, त्यो वाचला. हा ताप दुसऱ्यांदा आलाय, हे तात्यानं मला का सांगितलं न्हाई? तात्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "तुमाला सांगितलं की गावभर दवंडी हुती, म्हनून."

...व्हय, ते खरं हाय.

पर माझं डोस्कं फिरलं ते दहाव्याला. सांत्वनाला पुढारी येणार म्हनून धुराची मशीन आली! गाडी येणार त्या रस्त्यानंच धूर. चराकडं कुनी ढुंकून बघितलं न्हाई. तात्या जित्ता असताना मशीन कुठं मेली व्हती? डास काय पुढाऱ्यालाच चावतो? आजच्या काळात मानूस मलेरियानं मरतो आनि ह्यांना लाज न्हाई! गाडी गेल्यावर मी दारातच उभा राहून सगळ्यांचा उद्धार केला. ठेकेदार, पंचायत, पुढारी, कुनाला सोडला न्हाई. धुरानं ठसका लागला तरी थांबलो न्हाई. चार माणसं माना हलवत व्हती, मला आनखी चेव चढला.

वहिनी आतनं आल्या. "भावजी, तुमच्या बोलन्यानं एक डास मरत न्हाई. माझी पोरं ह्याच दारात झोपत्यात. ते फावडं घ्या आनि चरात माती ओढा, न्हाईतर घरी जावा."