वरची हद्द

"कोणाचं हाय ते?"

आकाशात विमानाची घरघर झाली की काका हातातलं काम टाकून अंगणात यायचे, डोळ्यांवर तळहात धरायचे आणि हा प्रश्न विचारायचे. पांढुर्ण्यावरून विमानं जातात ती फार उंचावरून. त्यांना आमचा वॉर्ड दिसतसुद्धा नसेल. पण आपल्या अंगणावरून कोण गेलं हे घरधन्याला ठाऊक पाहिजे, असं काकांचं म्हणणं. विमान दिसेनासं झालं की ते हात खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या. आपलंच असंन." अशी परवानगी मिळेपर्यंत विमान बैतूलच्या पलीकडे पोचलेलं असायचं.

काका सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते आणि शाळेत भूगोल शिकवते, म्हणून पृथ्वीवरच्या सगळ्या हद्दींची जबाबदारी माझ्यावर होती. "मॅडम, तुमच्या नकाशात जमिनीची हद्द दाखवते. वरची कुठं दाखवते?" असं त्यांनी मला भाजीवाल्यासमोर, पोस्टमनसमोर, एकदा तर माझ्या मुख्याध्यापकांसमोर विचारलं होतं. मी तो प्रश्न मुख्याध्यापकांकडे वळवला. ते घड्याळ पाहत निघून गेले.

वरच्या हद्दीचं दुखणं जुनं होतं. काकांच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या थोरल्या भावाचं घर. थोरल्यांनी वरचा मजला चढवला तेव्हा मिस्त्रीने गॅलरी काढली आणि ती काकांच्या अंगणावर हातभर पुढे आली. काकांनी पटवारी आणला. पटवाऱ्याने टेप लावून भिंत मोजली, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकाजी, जमीन तर बरोबर हाय. वरचं आमी मोजत नाही." त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. थोरले म्हणत, मी त्याची मातीसुद्धा घेतली नाही. काका म्हणत, माती सोडा, वरचं बोला. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटण्याची काही सोय नव्हती.

आणि मग तो उन्हाळा आला. सरहद्दीवर तणाव वाढला. यांची विमानं, त्यांचे ड्रोन, यांनी पाडलं, त्यांनी नाकारलं. नागपूरच्या पेपरात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापून आलं की हवाई हद्दीचं उल्लंघन झालं. काका पेपर घेऊन माझ्या दारात उभे. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"पाहा मॅडम! मी एवढे सालं हेच तं म्हणून राहिलो होतो. आता सरकारच म्हणून राहिलं."

देशावर संकट आलं याचं त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आपल्या दुखण्याला शेवटी नाव मिळालं, याचं समाधानही चेहऱ्यावर मावत नव्हतं.

त्यानंतर आमच्या गल्लीत परिस्थिती झपाट्याने चिघळली. थोरल्यांच्या गॅलरीतून लुगड्याचं पाणी काकांच्या तुळशीवर ठिबकलं की ती घुसखोरी. डिशची छत्री वाऱ्याने काकांच्या बाजूला वळली की ती हेरगिरी. पेरूवर पोपट आले तरी काका आधी ते कोणाच्या छतावरून उडाले ते पाहत. निषेधाचे खलिते माझ्यामार्फत जात, कारण मी तटस्थ राष्ट्र होते. "त्यायले सांगा, कडक शब्दात सांगा." मी पलीकडे जाऊन कडक शब्दांत सांगायची. थोरले ऐकून घेत, चहा पाजत आणि म्हणत, "त्याले म्हणा, आमी आरोप फेटाळतो." तटस्थ राष्ट्राचा चहा मात्र दोन्हीकडे वाढला, आणि त्याने माझं पित्त वाढलं.

संध्याकाळी दोन्ही घरांतले टीव्ही लागत. पडद्यावर सहा चौकटींतून सहा जण एकदम ओरडत आणि त्यांतल्या एकालाही समोरच्याचं ऐकू येत नसे. काका आवाज वाढवून टीव्हीचं तोंड भिंतीकडे करत. पलीकडून थोरले दुसरं चॅनल त्याहून मोठ्याने लावत. दोन्ही घरांतून एकाच शत्रूला शिव्या जात होत्या, पण त्या एकमेकांना ऐकवायला. अशी देशभक्ती मी आधी पाहिली नव्हती.

मोठ्या शहरांत दिवे घालवायची तालीम होणार अशी बातमी आली. यादीत पांढुर्ण्याचं नाव नव्हतं. "नाव नाही हेच तर खरं कारण हाय," काका म्हणाले, "दुश्मनाले वाटते, इथं कोणी तयार नसंन." दिवेलागणीला त्यांनी गल्लीभर फिरून दिवे बंद करवले. मीही केला, वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. फक्त थोरल्यांच्या गॅलरीतला बल्ब तेवढा लख्ख पेटलेला राहिला. काका अंधारात उभे राहून त्या बल्बाकडे बघत होते. मला म्हणाले, "पाहा, देशापायी एक बटन दाबवत नाही." पलीकडून थोरल्यांचा आवाज आला, "यादीत नाव दाखव म्हणा."

त्याच गॅलरीतून रोज दुपारी दोरीला बांधलेली एक कापडी पिशवी मात्र खाली उतरायची. ती पल्लवीची. पल्लवी ही थोरल्यांची एकुलती मुलगी. काका-काकूंना मूल नाही. बोलणं बंद व्हायच्या आधी ही पोर याच अंगणात रांगली, काकांच्या खांद्यावरून शाळेत गेली. पुढे दार बंद झालं तेव्हा तिने वरचा रस्ता काढला. पिशवीत कधी पाटोडी, कधी भरड्याचे वडे. काका पिशवी ताब्यात घेत, चोहीकडे पाहत आणि माल तिथल्या तिथे नष्ट करत. मग पिशवीत पेरू भरून दोरी हलवत.

"काका, हे उल्लंघन नाही का?" मी एकदा विचारलं.

"ही मदत हाय, मॅडम. मदतीले हद्द नसते."

काकांच्या टीव्हीशेजारी खिळ्याला एक गोफण लटकलेली होती. आमच्या गावाला गोफणीचं काय ते नवं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये झेंड्याचं झाड आणि दोन्हीकडून गोटमार, म्हणजे दगडांचा मारा. प्रशासन दरवर्षी गोफणीवर बंदी घालतं आणि दरवर्षी ती घरोघरी खिळ्यावर जपून ठेवलेली असते. काकांची तरुणपणी नेमासाठी ख्याती होती. तो नेम त्यांना थोरल्यांनी शिकवलेला. गोटे वेचून द्यायचं काम थोरल्यांचं, मारायचं यांचं. काकूंचं माहेर सावरगावचं, म्हणजे शत्रुराष्ट्रातलं. दिवसभर काका साळ्यांच्या दिशेने गोटे मारत आणि रात्रीचं जेवण सासुरवाडीला करत. कपाळावरची खूण मोठ्या साळ्याने दिलेली. ती दाखवून ते म्हणत, "हुंडा." माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला हा खेळ कधीच पटला नाही. पण सांजेला थांबायचं असतं, एवढं या लोकांना कळत होतं हे खरं.

तर एका संध्याकाळी सरहद्दीवरही थांबलं. युद्धविराम झाला. सहा चौकटींतले सहा जण क्षणभर गप्प बसले आणि मग नव्या दमाने ओरडू लागले. काका हिरमुसले. "असे कसे थांबले? कोणी सांगतलं थांबाले?"

काकू आतून म्हणाल्या, "ते थांबले, तुमी बी थांबा मंग."

"आपला मुद्दा येगळा हाय."

मुद्दा वेगळा होताच, कारण महिन्याच्या शेवटी पल्लवीचं लग्न होतं. मुलगा सौंसरचा. पल्लवीला मामा नाही. मंगलाष्टकाच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तिच्या मागे काकाच उभे राहणार, हे ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ठरलेलं. पण पत्रिका थोरल्यांनी माझ्या हाती पाठवली. काकांनी ती डोळ्यांना लावली, देवापाशी ठेवली आणि म्हणाले, "दादानं सोता माह्या घरी याव. अक्षत हाती द्याव. मंग येतो."

मी पलीकडे गेले. थोरले म्हणाले, "सख्ख्या भावाले का निमंत्रण लागते? त्याच्या पोरीचं लगन हाय, त्यानं सोता याव."

मी दोन्ही घरांच्या मध्ये गल्लीत उभी राहून दोघांना मनातल्या मनात अस्सल शिवी दिली. काकू त्या शनिवारी जामसांवलीला मारुतीपुढे नारळ फोडून आल्या. पल्लवीने पिशवी सोडली, पण तिच्यात खायचं काही नव्हतं. आत फक्त एक गुलाबी फेटा. काकांनी तो घेतला. पेरू भरायचं विसरले.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मांडव गल्लीत, थोरल्यांच्या दारी. सौंसरकरांनी छिंदवाड्याहून ड्रोनवाला आणला होता आणि मांडवात भिंतीएवढा पडदा लावला होता. वर ड्रोन फिरेल तसं सगळं पडद्यावर दिसायचं. काकू मागच्या दाराने येऊन बायकांत बसल्या होत्या. अंतरपाट धरला गेला. नवऱ्याच्या मागे त्याचा मामा उभा राहिला. पल्लवीच्या मागची जागा मोकळी. एका दूरच्या आत्येभावाला पुढे केलं तर ती म्हणाली, "राहू द्या जागा खाली." आणि मान खाली घातली.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. भिंतीजवळ बसलेले आचारी डोकं झटकत एकमेकांना विचारत होते, "वरून कोठून तांदूळ पडून राहिले बे?"

तेवढ्यात ड्रोन वळला. पडद्यावर मांडवाचं छत गेलं, गॅलरी आली आणि मग काकांचं अंगण आलं. अंगणात काका. कडक इस्त्रीचा कुर्ता, डोक्यावर गुलाबी फेटा, पायांत नवे बूट. जायला निघालेला माणूस जसा दाराशी थबकतो तसे भिंतीला टेकून उभे. गुरुजींचं 'सावधान' ऐकू आलं की मूठ उघडायची आणि अक्षता भिंतीवरून पलीकडे टाकायच्या. टाकून झाल्या की फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसायचे.

सगळा मांडव बघत राहिला. गुरुजीसुद्धा वळून बघत थांबले.

पुढचं 'सावधान' का येत नाही म्हणून काकांनी कान दिला, तर वरून घरघर ऐकू आली; त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर ड्रोन. ओठ हलले ते सगळ्यांनी वाचले: कोणाचं हाय ते? मग काका आत गेले आणि गोफण घेऊन आले. ड्रोनवाला किंचाळत उठला. गोफण फिरली. पडद्यावर आकाश, पेरू, गॅलरी, पुन्हा आकाश असं गरगरलं आणि सगळं काळं झालं.

पुढे हसावं की काय करावं हे कोणालाच सुचेना. थोरले मात्र उठले आणि घरात शिरून जिना चढू लागले. मी मांडवाबाहेर पळाले. तिथून वरची गॅलरीही दिसत होती आणि काकांचं अंगणही. काका तुटक्या ड्रोनपाशी गोफण हातात धरून उभे होते.

थोरले गॅलरीत आले. इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोलले. "नेम अजून तसाच हाय बे."

काकांनी वर पाहिलं नाही. "मी घरी येऊन बोलाव म्हटलं होतं, दादा."

"मंग आलो ना." थोरले कठड्यावरून वाकले. "हे गॅलरी तुह्या हद्दीत हाय, असंच म्हणतं ना तू? मंग मी तुह्याच घरात उभा हाओ. हे घे अक्षत." त्यांनी मुठीतल्या अक्षता वरून सोडल्या. "चाल. पोरगी मान खाली घालून उभी हाय."

अक्षता फेट्यावर पडल्या. काकांनी आता वर पाहिलं. पटवाऱ्याने मोजलं नव्हतं ते आज थोरल्यांनी सगळ्या गावासमोर मान्य केलं होतं. "सोता म्हणून राहिला ना? पलटशीन नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही पलटत. चाल बे, मुहूर्त चालला."

काका मांडवात आले ते गोफण कमरेला तशीच खोचलेली. पल्लवीच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं. मी रडत होते आणि ड्रोनवालाही रडत होता, त्याचं कारण वेगळं. त्याची समजूत पुढे दोघा भावांनी मिळून घातली.

दुसऱ्या दिवशी थोरले गॅलरी तोडायला मिस्त्री आणणार होते. काकांनी आणू दिला नाही. "राहू दे. फक्त पाय ठेवाच्या आधी विचारत जा."

तेव्हापासून थोरले गॅलरीच्या दाराबाहेर चप्पल काढत आणि हाक मारत, "येऊ का बे?" खालून काका जे करत असतील ते सोडून म्हणत, "या, दादा." मग थोरले टॉवेल वाळत घालत. विमान गेलं तर दोघंही वर बघत, एक वरून, एक खालून. "कोणाचं हाय ते?" "आपलंच असंन." मला त्या वर्षात एकही खलिता पोचवावा लागला नाही, आणि पित्तही बरं राहिलं.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी पेरूखाली खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर होता. गोफण काकूंनी खिळ्यावरून काढली नाही.

परवा मी शाळेतून येत होते. थोरले गॅलरीच्या दारात उभे होते, हातात ओला टॉवेल, चप्पल काढलेली. "येऊ का बे?" त्यांनी हाक मारली. अंगणात पेरू पडले होते, पोपट खुशाल खात होते. वरून विमान चाललं होतं. थोरल्यांनी दारातूनच मान वाकडी करून पाहायचा प्रयत्न केला, पण तिथून आकाश दिसत नाही. त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग ओला टॉवेल घेऊन ते आत गेले.