भैयालाल मिस्त्री आणि गुंजनची गाडी

भैयालाल बिसेनचा राग म्हणजे विचारूच नका. भिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं एसी सांभाळले, रिटायर झाल्यावर जुनवानीत गाड्यांच्या एसीचं दुकान टाकलं, पण तोंड काही रिटायर झालं नाही. कुणी "मिस्त्री, थोडा गॅस मार दो" म्हणालं की संपलंच! "गॅस काय पेट्रोल आहे बे, जळून जायले? कुठून गेला ते पाह्य आधी!" आणि खोटं कशाला बोला, म्हातारा बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्या दिवशी गुंजन आली. दवाखान्यात नर्स, जीभ त्याच्याइतकीच तिखट. पंधरा दिवसांपूर्वी याच भैयालालनं तिच्या गाडीचा कंडेन्सर बदलून नवा गॅस भरला होता, आणि आता एसीतून नुसती गरम हवा. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोरच तिनं सुनावलं. वर म्हणाली, "काल दुर्गले मोहन नगरात बबलूले दाखवली. त्यानं मीटर लावून पाह्यलं अन् म्हणे, मामाकडेच न्या."

बबलू म्हणजे भैयालालच्या बहिणीचा मुलगा. सगळं काम मामाच्या हाताखाली शिकला आणि मागच्या वर्षी स्वतःचं दुकान थाटून बसला. ते मामाला अजून पचलं नव्हतं.

"बबल्यानं हात लावला? मंग झालंच कल्याण!"

"अहो, थंडक आधीच गेली होती," गुंजन दोनदा म्हणाली. ऐकतो कोण? त्यानं सगळ्यांसमोर फोन लावला. "माह्या गिऱ्हाइकाच्या गाडीत काय केलं बे तू? मीच शिकवलं अन् माह्याच पोटावर पाय देऊन राहिला? चोर आहेस तू! आजपासून मामा म्हणू नको मले!"

पलीकडून बबलू एवढंच म्हणाला, "बरं, मामा."

मग भैयालालनं गॅसचा दाब पाहायचा मीटर लावला. एका काट्यानं मान टाकली, थेट शून्याकडे. एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर बर्फ साचलेला. म्हणजे गॅस होता, पण तो जिथून सुटतो ती सुईएवढी वाट चोंदली होती. "कचरा घातला लेकानं!" असं बडबडत त्यानं गॅस काढून घेतला, व्हॉल्व्ह खोलला आणि आतली जाळी बोटावर आपटली.

बोटावर लाल चिखल आला. त्यानं तो चोळून पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. कुंकू! विश्वकर्मा पूजेला त्यानं स्वतः, कारखान्यातल्या जुन्या सवयीनं, एकूण एक अवजाराला ओलं कुंकू लावलं होतं. पान्यांना, पंपाला, आणि गॅस भरायच्या नळ्यांच्या तोंडालासुद्धा. दुसऱ्याच दिवशी त्या नळ्या, धड न पुसता, गुंजनच्या गाडीला लावल्या होत्या.

कुणाला कळलं नसतं. नवा व्हॉल्व्ह बसला असता, गाडी थंड झाली असती, आणि बबलू जन्मभर चोर राहिला असता. भैयालालनं जाळी खिशात टाकली, "बसा, आलोच!" म्हणून गिऱ्हाइकांवर ओरडला आणि स्कूटरवर रस्ताभर स्वतःला शिव्या घालत मोहन नगर गाठलं.

"हे पाह्य!" बबलूच्या दुकानात तो असा गरजला, जशी काही चूक त्या पोराचीच. "कुंकू आहे हे! माह्या हातचं! गधा आहे मी, गधा!"

बबलू हात पुसत उठला. "माहीत आहे, मामा. काल मीटर लावला तवा गाडीत गॅस भरायच्या तोंडातल्या पिनेवर लाल दिसलं मले. तुमी पूजेत नळ्यांले कुंकू लावता, मले काय माहीत नाही? म्हणूनच खोललं नाही. म्हटलं, तुमीच पाहा."

"मंग फोनवर बोलला कावून नाही बे? एवढ्या शिव्या खाल्ल्या!"

"मांगं गिऱ्हाइकांचा आवाज येऊन राहिला होता, मामा. त्यायच्यासमोर कसं सांगू?"

भैयालालनं एकदम बबलूचा दंड धरला आणि भरल्या डोळ्यांनीच खेकसला, "बस स्कूटरवर! ते लोक उठून जायच्या आत चाल लवकर. त्यायच्यासमोरच सांगाचं आहे मले!"