सूत्रकृमीला दिलेलं आडनाव

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी सूत्रकृमींच्या जाती ओळखत होते. हे कृमी मातीत, शेवाळात राहतात. नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. आमचे विभागप्रमुखच माझे मार्गदर्शक होते.

माझं माहेर रोहण्याचं. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या विहिरीच्या कठड्यावरचं मखमली शेवाळ मी चाकूनं खरवडत बसले होते. वहिनी घागर घेऊन आली.

"काऊन खरवडून राह्यली वं? औषध हाये का हे?"

"यात बारीक किडे असतात, वहिनी. ते पाहायचे आहेत."

"किडेच पाहाचे तं आमच्या तुरीत काय कमी हायेत?"

वर्ध्याला आल्यावर शेवाळ पाण्यात भिजवलं, कापडातून खाली उतरलेले कृमी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ओठांची ठेवण, तोंडातली सुई, शेपटीची लांबी, एकेक गोष्ट पुस्तकातल्या जातींशी ताडून पाहिली. एक कृमी कुठेच बसेना. त्याची शेपटी टोकाशी एकदम आकड्यासारखी वळलेली. स्लाइड बिघडली असेल म्हणून पुन्हा रोहण्याला जाऊन शेवाळ आणलं. त्यातही तोच, नरमादी दोन्ही. जात नवी होती. त्या दिवशी आनंदानं मला जेवण गेलं नाही.

सरांनी स्लाइड पाहिल्या. "घाई नको. स्लाइड आणि चित्रं माझ्याकडे ठेवा."

मी ठेवली. नंतर कधीही विचारलं की म्हणायचे, "अहो, शास्त्रात धीर लागतो."

मग एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांसमोर शोधपत्रिका उघडली. नवी जात छापून आली होती. लेखक एकटे सर. चित्रं माझी. आणि जातीला नाव दिलं होतं माझ्या आडनावावरून, लॅटिन शेपूट जोडून.

"बघा, केवढा मान दिला तुम्हाला!"

टाळ्या पडल्या. मीही हसले. पेढे मागवायला मलाच सांगण्यात आलं.

वर्णन करणाऱ्यानं जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असा आमच्यात संकेत आहे. म्हणजे ते काम माझं नव्हतं, याला माझं नावच साक्षीदार झालं. जगात कुणीही ते नाव लिहिलं, की त्यापुढे शोधक म्हणून सरांचं नाव येणार. वर कृमी सापडल्याचं ठिकाण छापलं होतं, कारंजा गावाजवळची संत्र्याची बाग.

मी केबिनमध्ये गेले. "सर, तो कृमी रोहण्याच्या विहिरीवरचा आहे."

"छापून झालं आता. काय फरक पडतो?"

"आणि माझं नाव?"

"नाव तुमचंच तर आहे!" म्हणाले, आणि मोठ्यानं हसले.

घरी नवरा म्हणाला, "जगात नाव गेलं, अजून काय पाह्यजे तुले?" आडनाव त्याचंच होतं, म्हणून तो खूश होता. नातेवाइकांना सांगत सुटला.

पीएच.डी. मी सोडली. पुढे मुलींना बेडूक कापायला शिकवत राहिले. ऐंशी सालानंतर सर नव्या विद्यार्थ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "मी माझ्या माणसांना विसरत नाही." मी समोरच पेपर तपासत असायचे.

स्लाइड मी परत मागितल्या होत्या. "शोधून ठेवतो," म्हणाले. ते निवृत्त झाले तेव्हा विभागानं त्यांचं कपाट रिकामं केलं, पण मला कुणी बोलावलं नाही.