मावशीनं उजळवलेली फरशी

शिरूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होते, तेव्हा यवतहून मावसभावाचा फोन आला. "ताई, आई गेली गं... झोपेतच." त्याला महिना होऊन गेला. पण ते ऐकताना डोळ्यांपुढं आली ती पदर खोचून, नखशिखांत भिजून, हातात पाण्याचा फवारा धरून ओरडणारी सुमनमावशी!

मावशी आईची धाकटी बहीण. तिच्या घरी फाटकापासून पोर्चपर्यंत गाडीवाटेला दगडी फरशीचा छाप उमटवलेलं काँक्रीट होतं. नवं होतं तेव्हा विटकरी, चकचकीत. पुढं शेवाळ, चिखल आणि ट्रॅक्टरचं ऑइल बसून ते काळंठिक्कर पडलं. काही वर्षांपूर्वी त्या शेवाळावरच तिच्या यजमानांचा, आप्पांचा, पाय सटकला आणि खुबा मोडला. ऑपरेशनही झालं, हाड जुळलं, पण भीती काही जाईना. वॉकर भिंतीला टेकवलेला आणि आप्पा खाटेवर. बाहेर चला म्हटलं की, "न्हाई, मला न्हाई जमायचं."

मावसभाऊ म्हणाला, फोडूनच टाकू सगळं. मावशी उसळलीच, "फोडायचं कशाला? आदी धुऊन तर बगू!" तिनं मला बोलावून घेतलं आणि गाड्या धुणाऱ्याकडून जोरात पाणी मारायचं मशीन मागून आणलं.

पहिला फवारा बसला आणि काळ्या थरातून लालभडक पट्टा उघडा पडला. "आगं बग, बग! रंग हाय अजून!" तिच्या आरोळीनं आप्पा खाट सोडून खिडकीशी आले. मग काय, आम्हाला चेवच चढला. मी पाइप मागायची, ती देईना. ऑइलचे डाग आम्ही साबण लावून ब्रशनं घासले, कोंबड्या हाकलत फरशी उन्हात खडखडीत वाळू दिली. मग रोलरनं सीलर फिरवायचं, म्हणजे वर थर बसून पाणी आत मुरत नाही. दुकानदारानं आरशासारखी चकाकी येईल म्हणून सांगितलेलं. "चकाकी ऱ्हाऊ दे, पाय धरला पायजे," म्हणत मावशीनं पाय न घसरण्यासाठी मिळणारी बारीक पूड मागून घेऊन त्यात मिसळली.

सीलर पक्कं झाल्यावर ती अनवाणी मधोमध जाऊन उभी राहिली. "आवं, या की! घसरलात तर आदी मी पडंन!"

आप्पा दारात बराच वेळ थांबले... मग वॉकर पुढं सरकला. एक पाऊल, आणखी एक. मावशी त्यांच्यापुढं उलटी चालत, हसत, डोळे पुसत. फाटकाला हात लागला तशी तिनं टाळ्याच वाजवल्या. रस्त्यावरून चाललेले लोक थांबून बघायला लागले, तरी तिचं थांबेना!

परवा यवतला गेले, तर आप्पा वॉकरशिवाय फाटकापाशी, हातात तांब्या. त्यांनी फरशीवर पाणी ओतलं. थेंब वर टिकले नाहीत, हळूहळू आत जिरले.

"बगितलंस? पानी जिरलं म्हंजी सीलर उतरलं. तुज्या मावशीनं सांगून ठिवलंय." बाही वर सारत ते म्हणाले, "मशीन सांगितलंय. औंदा पाइप मी धरनार. तू नुस्ती सोबत ऱ्हा."